मंदीत राखलेली टोळी

काम चालू असलं की तोंड उघडता येत नाही. उघडलं की रुई आत जाते. काम बंद पडलं की मात्र तोंड बंद होत नाही. म्हणून आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्याचे जेवढे किस्से आहेत, ते सारे बंद गेटाच्या बाहेरचे. चालू सीझनचा एक नाही! नांदुऱ्यात मी उमरभर रुई तुडवली, त्या उमरभराचं सांगायले बसलो तर पाच मिनिटांत संपते. आणि त्या एका मंदीच्या सालाचं सांगायले बसलो की चहा थंडा होते, दुसरा मागवावा लागते, तोही थंडा होते.

मंदी म्हणजे काय, हे माह्या नातजवायानं मले पाऊण घंटा समजावून सांगितलं. डिमांड म्हणे, आउटपुट म्हणे, बेरोजगारी म्हणे. मी म्हटलं, थांब बापा. मुंबईच्या बाईनं औंदा नवं लुगडं घेतलं नाही, की नांदुऱ्यात माह्या घरची चूल इझते. याले मंदी म्हणतात. झालं! त्याच्यासाठी कॉलेजात कायले जावं लागते?

मले चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. दुष्काळात निदान वर पाहून शिव्या देता येतात. त्या साली पाऊस झाला, कापूस झाला, मशीनीले तेल घातलेलं, आम्ही आठ जण बैलासारखे धडधाकट. आणि काम नाही! शिव्या द्याव्या तर कोणाले द्याव्या?

*

टोळीचं आधी सांगून टाकतो, नाही तर पुढचं डोक्यात शिरणार नाही.

प्रेसच्या पेटीत रुई टाकायची, पेटीत उतरून पायानं तुडवायची, बाहेर निघायचं, मग वरून प्रेस दाबते. पट्ट्या आवळायच्या, गाठ बाहेर लोटायची. या कामाले आठ माणसं लागतात. त्या आठाच्या वर आमचा मुकादम रसूलभाई. त्याच्या डाव्या हाताले दोनच बोटं. एका सकाळी टोळीत एक गडी कमी असून काम चालू केलं होतं, बाकीची बोटं त्या दिवशी गेली. तवापासून त्याचा कायदा एकच, "टोळी पुरी तो अंदर, अधुरी तो घर!"

म्हणजे आमच्यातला एक फुटला, की उरलेले सातही गेटाबाहेर. मग आत जाणार मलकापूरची टोळी. ते तर टपूनच बसले होते. म्हणून त्या साली, कारखाना उघडेपर्यंत, आम्हाले एकच काम राहिलं, आठाचे सात होऊ द्यायचे नाहीत. त्याच्यापेक्षा रुई तुडवणं सोपं होतं!

*

दसऱ्याले मशीनीची पूजा झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. जिभेवरचा पेढा विरघळला नाही, तेवढ्यात शेठ गेटावर येऊन उभा राहिला.

"मुंबईच्या मिलवाल्यांनी ऑर्डर थांबवली," म्हणे. "गोडाउनात गाठीवर गाठी पडल्या आहेत. मार्केट एकदम थंड आहे."

आमच्यातला जगदेव म्हणजे जिभेले हाड नसलेला माणूस. तो मागून बोलला, "शेठ, बॉयलरवर ठेवून पाहा ना जरासक!"

सारी टोळी हसली. रसूलभाईनं डोळे वटारले. शेठ काही हसला नाही. त्यानं तरातरा गेट ओढलं आणि कुलूप घातलं.

आतून!

स्वतः आत, गाडी बाहेर, आणि गाडीजवळ आम्ही आठ जण हात बांधून उभे. आता गेट उघडावं तर आम्ही आत घुसू, याची त्याले भीती. शेवटी शेठ सरकीच्या गोदामामागच्या बोळकांडीतून धोतर सावरत घरी गेला. पुढं सारा हिवाळा तो तिकडूनच येत-जात होता. जगदेव म्हणे, "पाहा बे, मंदीनं पयला दणका कोणाले देला! मालक असून चोराच्या वाटेनं जाऊन राह्यला!"

*

गेटासमोर निंबाचं झाड होतं. त्याच्याखाली नामदेवचं दाढीचं दुकान, म्हणजे एक खुर्ची आणि एक आरसा. बाजूले चपला शिवणारा धोंडू. पलीकडे सुपडाचा चहाचा ठेला. आमचा कारखाना बंद म्हणून आमच्या दाढ्या वाढल्या. आमच्या दाढ्या वाढल्या म्हणून नामदेवनं चहा सोडला. नामदेवनं चहा सोडला म्हणून सुपडानं तुटकी चप्पल तशीच फरफटत ठेवली. धोंडू तर सकाळपासून मलेच शिव्या देत होता. जसं कुलूप मीच लावलं!

मी वैतागलो. म्हटलं, "अबे, एकामेकाच्या तोंडाकडे काय पाहून राह्यले? एकानं तर सुरुवात करा!"

झालं. नामदेवनं धोंडूची दाढी केली. धोंडूनं सुपडाची चप्पल शिवली. सुपडानं नामदेवले चहा पाजला. तिघं लय खूश. दुपारपर्यंत असा बाजार चालला, की आम्ही पाहतच राहिलो. मग तिघांनी आपापल्या गल्ल्यात हात घातला. गल्ला सकाळी होता तसाच, कोरडा!

धोंडू गुळगुळीत गालावर हात फिरवत म्हणे, "कामं तर साऱ्याइची झाली. मंग मंदी हाये कुठी?"

नामदेव म्हणे, "घरी जाऊन भाकरीचं टोपलं उघड. त्यात बसली हाये!"

*

आता वासुदेव. टोळीतला सगळ्यात तरणा. "कारखान्यात परमनंट हाये," असं सांगून त्याचं लग्न जुळवलेलं. जुळवणारा मीच. तवा खरंच वाटत होतं ना बापा, की कारखाना म्हणजे डोंगर!

त्याची सासू वडनेर भोलजीची, गोदामाय. एकटी बाई, एकुलती एक पोरगी. हिवाळा काढायले म्हणून पोरीकडे आली. जवायाच्या घरच्या अंथरुणाचा भरवसा नाही, म्हणून येतांना डोक्यावर आपली गादी घेऊन आली. अशी बाई!

वासुदेवची हिंमत झाली नाही तिले सांगायची, की कारखाना बंद आहे. रोज सकाळी भाकर बांधून निघे, आणि आमच्यात निंबाखाली येऊन बसे. पण संध्याकाळी मोठी पंचाईत! प्रेसवरचा माणूस घरी येते तो भुतासारखा पांढरा होऊन. मिशीत रुई, कानात रुई, भुवयांत रुई. हा घरी जाणार कोरा करकरीत. मग काय, गड्यानं कुठून तरी मूठभर रुई पैदा केली. रोज झाडाआड जाई, मिशीवर चोळी, केसांत घाली, आणि थकल्यासारखा पाय ओढत घरी जाई.

पंधरा-वीस दिवस बरं चाललं. एका संध्याकाळी दाराआडून, डोक्यावर पदर घेऊन, गोदामाय बोलली, "जवाईबुवा, कारखान्यात रुई लय निघून राह्यली वाटते?"

"हाव ना, मामी. डबल शिफ्ट!"

"तरीच! तरीच माही गादी रोज बारीक होऊन राह्यली!"

दुसऱ्या दिवशी बाई ती गादी घेऊन थेट निंबाखाली. पापडासारखी झाली होती. आमच्यापुढं आपटली आणि म्हणे, "रुईवाले ना तुम्ही? आठ जण हायेत ना? भरा!"

आठ रुईवाल्यांत मूठभर रुई नाही!

*

मग आला धूर.

शेठनं मागच्या वाटेनं निरोप धाडला, सारी टोळी या. आम्ही धावलो. वाटलं, उघडला! शेठ बॉयलरजवळ उभा. म्हणे, "मुंबईचा दलाल गाडीनं येऊन राहिला आहे. बंद कारखान्याचा माल कोणी भावानं घेत नाही. रेल्वेतून त्याला चिमणी दिसली पाहिजे. कपाशीची पऱ्हाटी टाका, ओला कचरा टाका."

जगदेव म्हणे, "अन् माल, शेठ?"

"माल नको. धूर पाहिजे!"

आता बॉयलरवर दोन माणसं पुरतात. पण रसूलभाई अडून बसला, आत जाईल तर पुरी टोळी. मग आम्ही आठ जणांनी मिळून धूर काढला! जिंदगीत असं काम केलं नाही. काळाकुट्ट, जाडजूड धूर, साऱ्या नांदुऱ्यावर पसरला. गावातल्या बायांचं वाळत घातलेलं धुणं काळं झालं. त्या बाया गेटावर येऊन काय काय बोलल्या, ते इथं सांगता येत नाही.

गाडी आली. दलाल उतरला, ऑफिसात बसला, चहा घेतला. शेठ मिशीतल्या मिशीत हसत होता. तो दलाल म्हणे, "वा शेठ, चिमणी जोरात आहे तुमची! सगळीकडे माल पडून आहे आणि तुम्ही अजून काढताच आहात? मग भाव आणखी खाली घ्या. एवढा माल ठेवणार कुठं?"

शेठचं तोंड पाहण्यासारखं झालं. कारखाना बंद आहे म्हणावं तर खोटा पडते, चालू आहे म्हणावं तर भाव पडते!

दलाल गेल्यावर आम्ही मजुरीचं इचारलं. शेठ खवळला, "कशाची मजुरी? काय निघालं आज कारखान्यातून?"

जगदेवनं शांतपणे चिमणीकडे बोट दाखवलं. "ते काय शेठ, अजून निघूनच राह्यलं!"

*

यानंतर टोळी हलायले लागली. कोणी म्हणे भुसावळले जातो, कोणी म्हणे अकोल्याले मामा आहे. रसूलभाई एकेकाच्या घरी जाऊन बसे. बोले काही नाही. डावा हात मांडीवर ठेवून नुसता बसे. तो हात पाहिला की माणूस बांधलेली पिशवी सोडे.

तेवढ्यात वडनेरकडच्या रस्त्याचं काम निघालं. मी म्हटलं, चला, आठही जण चला, एकत्र राहू. काम साधं होतं. मुरूम खणायचा, रस्त्याच्या कडेले ढीग लावायचा. संध्याकाळी ओव्हरसियर टेप लावून ढीग मोजणार, ढिगाप्रमाणे मजुरी.

आम्ही मुरूम आणला. पयलं टोपलं पडलं, जगदेव त्याच्यावर चढला. दुसरं पडलं, वासुदेव चढला. कोणी सांगितलं नाही, कोणाच्या ध्यानातही आलं नाही. उमरभराची सवय! टोपलं पडलं की पाय आपोआप चालत. दिवसभर आम्ही तो मुरूम असा तुडवला, असा तुडवला, कडा अशा सारख्या केल्या, की देवळाचा ओटा वाटावा!

बाजूले दुसऱ्या गावच्या बाया होत्या. त्यांनी आपला भुसभुशीत ढीग घातला, वाऱ्यावर सोडून दिला. संध्याकाळी ओव्हरसियर आला. बायांचा ढीग छातीएवढा. आमचा घोट्याच्या जरा वर!

"आठ गडी दिवसभर झोपले होते काय रे?"

माह्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "साहेब, त्याइच्या ढिगात हवा हाये. आमच्यात मुरूम हाये!"

"असेल. पण मला टेपनं मोजायचं आहे. उद्या उकरून मोकळा करा, मग मोजतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही कुदळी घेऊन आमच्याच ढिगावर तुटून पडलो. कुदळ ठण्ण करून परत येई! दुपारपर्यंत दोन कुदळींचे दांडे मोडले, मुरूम काही फुगला नाही. ओव्हरसियर पाहत होता, पाहत होता, मग म्हणे, "जाऊ द्या. याच्यावर मैलाचा दगड बसवू!"

बाया हसून हसून लोळल्या. मी त्या रस्त्यानं आजही जात नाही.

*

आता शेवटचं.

या मुरमाच्या भानगडीनंतर गोदामायचा संयम सुटला. तिच्या नात्यातला एक जण लोणारले शाळेत होता. तिथं शिपायाची जागा निघाली. परमनंट. बुढीनं शब्द टाकला आणि वासुदेवचं पक्कं केलं.

ऐकलं आणि आम्ही सारे वासुदेवच्या अंगणात. मी मोठा म्हणून मलेच पुढं ढकललं. मी म्हटलं, "गोदामाय, जरा दम धरा. हा गेला तं आमी सातही गेलो. मलकापूरवाले बसतीन आमच्या जागेवर."

बाई तांदूळ निवडत होती. हात थांबवला नाही. "कारखाना उघडन कवा?"

जगदेव पायानं माती उकरायले लागला.

"इचारून राह्यली मी. सांगा ना कवा उघडन! सांगा, मी जवायाले थांबवतो."

आता हे शेठले ठाऊक नाही, दलालाले ठाऊक नाही, मी काय सांगू?

"मंदी असो का तेजी असो," बुढी म्हणे, "शाळेची घंटा रोज वाजते. तुमच्या साताच्या घरासाठी माह्या पोरीनं उपाशी बसावं काय?"

जगदेव म्हणे, "मामी, तिकडे तुमचा जवाई घंटा वाजवन, इकडे आमचे बारा वाजतीन!"

हसलं कोणीच नाही. तोही नाही हसला. वासुदेव दाराच्या चौकटीले धरून उभा होता. आमच्याकडे पाहे, बायकोकडे पाहे. मी रागीट माणूस आहे, पण त्या दिवशी रागवायले तोंडच नव्हतं. बाई खोटं काय बोलली?

वासुदेव बायकोले घेऊन एसटीत बसला. गोदामाय मागं राहिली, भांडीकुंडी आवरून दोन-चार दिवसांत जाणार म्हणून.

आणि मले सांगा, नशीब किती हरामखोर असावं? तो गेला त्याच आठवड्यात भोंगा वाजला!

खरा भोंगा. मुंबईची ऑर्डर आली. शेठनं समोरचं गेट उघडलं, कित्येक महिन्यांनी! आम्ही जेवतं ताट सोडून पळालो. जाऊन पाहतो तर निंबाखाली मलकापूरची टोळी हजर. आठही जण, डोक्याले फडकी बांधून. त्याइले कोणी सांगितलं, देव जाणे!

रसूलभाई गेटात उभा राहिला. "गिनती करो."

आम्ही ओळीनं उभे राहिलो. सात. मी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. जसं मोजल्यानं वाढणार होतं! मी म्हटलं, "रसूलभाई, एक सीझन तरी..."

त्यानं डावा हात माह्या डोळ्यांपुढं धरला. "ये देखके बोल." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी परत ओळीत जाऊन उभा राहिलो.

मलकापूरचा मुकादम पुढं सरकला. "चला बे, सरा बाजूले. नांदुऱ्यात मर्द सरले वाटते!"

"सरले नाई," मागून आवाज आला. "लोणारले घंटा वाजवून राह्यले."

गोदामाय! मलकापूरवाल्यांना कोपरानं सारत आली. गेटाशी चपला काढल्या, बाजूले नीट जोडून ठेवल्या. लुगड्याचा काष्टा आवळला, पदर कमरेले खोचला. माह्या बाजूले येऊन उभी राहिली, आणि रसूलभाईले म्हणे, "मोजा."

रसूलभाई चाचरला. "मामी, ये मर्दों का काम है."

"तुमचा कायदा काय हाये? टोळी पुरी पायजे, का मिशा पायजे?"

रसूलभाईनं शेठकडे पाहिलं. शेठले गाठी पाठवायची घाई. तो म्हणे, "बाई, झेपेल का तुम्हाला?"

"शेठ, उमर गेली कपाशीत वाकून वाकून. इथं तं सरळ उभं राहाचं हाये. आन् हे सात जण, दिवसभर मुरूम तुडवून घोट्याएवढा करणारे! याइच्यापेक्षा वाईट काय करणार मी?"

मलकापूरचा मुकादम काही बोलायले गेला. रसूलभाईनं तोच हात वर केला. मग एकेकाच्या खांद्यावर ठेवत गेला. एक, दो, तीन. माह्या खांद्यावर आला, सात. पुढच्या खांद्याले त्यानं हात लावला नाही, नुसती मान झुकवली आणि साऱ्या नांदुऱ्याले ऐकू जाईल असा ओरडला,

"आठ! चलो अंदर!"

प्रेसवर गेलो. पेटीत रुई पडली. मी पयले उतरलो. रसूलभाईनं गोदामायले उतरायले हात पुढं केला. बाईनं पाहिला, आणि म्हणे, "राहू द्या भाऊ, तुमच्याजवळ मोजकेच बोटं उरले."

आणि स्वतःच उडी मारून आत आली. पयलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मग जे सुरू झाली! मी एका कोपऱ्यात, ती पेटीभर. कित्येक महिन्यांनी पायाखाली रुई आली होती. माहे पायच हलेनात.

बुढी थांबली. मिशीवरची रुई झटकावी तशी तिनं गालावरची रुई झटकली, आणि माह्याकडे पाहून म्हणे,

"काहो भाऊ, तुडवून राह्यले, का पाय शेकून राह्यले?"